व्यायाम? करत नाही!

मी उरणच्या एका शाळेत पीटीचा मास्तर. जन्म मात्र घारापुरीच्या शेतबंदरातला, म्हणजे पर्यटक ज्याला एलिफंटा म्हणतात त्या बेटावरचा. मुलांसाठी मीच एक प्रश्नावली तयार केली होती. पहिलाच प्रश्न : ‘रोज किती मिनिटे व्यायाम करता?’ बहिणीकडे गेलो, तेव्हा सातवीतल्या भाच्याने त्यातला एक कागद गंमत म्हणून भरला. लिहिले, ‘करत नाही.’

लेण्यांच्या वाटेवर बहीण टोप्या-माळा विकते. हा पठ्ठ्या पाण्याच्या बाटल्यांचा खोका खांद्यावर घेऊन त्या १२० पायऱ्या दुसऱ्यांदा चढून नुकताच टेकला होता!

फसला होता माझा प्रश्न. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल हवी म्हणते. त्यात खेळ येतो, तशी शाळेची पायपीट आणि घरकामही येते. खूण सोपी आहे. बोलता येते पण गाता येत नाही, ती मध्यम. दोन शब्दांत धाप लागते, ती जोरकस. आमच्या पायऱ्यांवर रिकाम्या हातांचे पर्यटकसुद्धा निम्म्यात गप्प होतात. १४६ देशांच्या माहितीवरून २०१६ सालचा अंदाज काढला गेला, तेव्हा ११ ते १७ वयाची ८१ टक्के मुले या तासाला कमी पडत होती. मुलींत ८५, मुलग्यांत ७८. आधार होता मुलांनीच प्रश्नावल्यांत दिलेल्या उत्तरांचा. आकडा खोटा म्हणत नाही, उरणचा माझा वर्ग बघून तर नाहीच. पण विचारणाऱ्याने काय विचारले, हे मी आता आधी बघतो.

बेटावर मुलांची चंगळ असते असेही नाही. दोन डोंगर, खाली चिखल नि कांदळवन. सपाट जागेची वानवा. क्रिकेट धक्क्यावर, चेंडू पाण्यात गेला की आउट. ओहोटीला पोरे चिंबोऱ्यांमागे, भरतीला घरात. समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकून फेब्रुवारी २०१८मध्ये वीज आली. त्याआधी संध्याकाळी काही तास जनरेटर, बाकी अंधार. आता मोबाइल सदा भरलेला, आणि पोरे तिन्हीसांजेलाच घरात. तरी विजेच्या नावाने गळा काढणार नाही. कंदिलाखाली अभ्यास मी केलाय.

भाची नववीत आहे. संध्याकाळी दुकान आवरून पोती तीच खाली आणते. हाडे-स्नायू बळकट करणारी हालचाल आठवड्यातून तीनदा हवी, त्यात हे ओझे खुशाल बसते. पण ‘छान व्यायाम होतो गं तुझा,’ असे तिला म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

सोमवारी लेणी बंद, म्हणून दुकानही बंद. शाळा सुटल्यावर रिकाम्या पायऱ्यांवर शर्यत लागते. परवा भाची चपला हातात घेऊन पळाली आणि भावाच्या आधी वर पोचली. मी शिट्टी मारली, तर म्हणाली, “मामा, खाली जायचं परत लावूया?”

आता माझ्या कागदावर एकच प्रश्न असतो : ‘काल शाळा सुटल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलंस?’ वाचायला दोन रविवार जातात.