कोणती आवृत्ति श्रेष्ठ?

एकाच ग्रंथाच्या निरनिराळ्या आवृत्त्या पुढें मांडून त्यांतली अधिक ग्राह्य कोणती, याचा वाद पंडितांच्या जगांतच चालतो, अशी माझी आजवर समजूत होती. पुण्यास भांडारकर संस्थेंत १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताच्या पोथ्या ताडून पाहण्याचें जें प्रचंड कार्य झालें, त्याविषयीं मी वर्गांत कित्येक वर्षें आदरानें बोलत आलों. परंतु ज्याला आपण पोराटोरांचा चाळा म्हणून बाजूस सारतों, अशा एका व्हिडिओ गेमच्या आवृत्त्यांवर शिकलेलीं, संसारी, प्रौढ माणसें वर्षानुवर्षें तशाच निष्ठेनें वाद घालीत आहेत, हें कळलें तेव्हां मला प्रथम हंसूं आलें. चार दिवसांनीं तें हंसूं ओसरलें. तें कां ओसरलें, हें वाचकांस सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

माझा एक जुना विद्यार्थी बरींच वर्षें नोकरीनिमित्त जपानांत ओसाका येथें राहतो. गेल्या दिवाळींत तो चार दिवस आमच्याकडे उतरला होता. त्याच्या सामानांत कपड्यांहून अधिक काळजीनें बांधून आणलेलें एक जुनें प्लेस्टेशन यंत्र होतें. रात्रीं जेवणें आटोपलीं कीं तो तें टेलिव्हिजनला जोडी आणि घरांतलीं मुलें त्याच्याभोंवतीं गोळा होत. पडद्यावर तिरप्या कोनांतून दिसणारें एक चौकोनी रिंगण, आणि त्यांत कागदांतून कापून काढल्यासारखे सपाट, चिमुकले मल्ल. "याहून किती तरी देखणे खेळ आतां निघाले आहेत," असा शेरा धाकट्या नातवानें लगेच मारला. मीं सहज विचारलें, "मग या खेळाची उत्तम आवृत्ति कोणती?" तो हंसून म्हणाला, "गुरुजी, याच एका प्रश्नावर सारें भांडण आहे."

हा खेळ कशाचा, तें आधीं सांगितलें पाहिजे. जपानांत 'पुरोरेसु' या नांवानें ओळखली जाणारी धंदेवाईक कुस्ती आपल्या मातीवरल्या कुस्तीहून भिन्न आहे. आपल्याकडे प्रतिस्पर्धी चीत झाला कीं निकाल लागतो. तेथें त्याचे खांदे तीन मोजीपर्यंत दाबून धरावे लागतात, आणि कोण जिंकणार हें बहुधा आधींच ठरलेलें असतें. म्हणून तिला लटकी म्हणणारे पुष्कळ आहेत. पण निकाल ठरलेला असला तरी पडणें खरें असतें आणि लागणेंही खरें असतें. १९५४ च्या फेब्रुवारींत सुमो सोडून आलेला रिकिदोझान हा मल्ल शार्प बंधूंशीं लढला, त्या वेळीं टेलिव्हिजन जपानांत नुकताच आला होता. चौकाचौकांत मांडलेल्या संचांपुढें लोकांची अफाट गर्दी लोटली. त्याचे शिष्य अँटोनिओ इनोकी व जायंट बाबा यांनीं १९७२ सालीं अनुक्रमें 'न्यू जपान' व 'ऑल जपान' या संस्था स्थापिल्या, आणि दोन पिढ्यांचें वेड त्या दोहोंत वांटलें गेलें.

ही कुस्ती पडद्यावर यथार्थपणें उतरविण्याचें श्रेय मासातो मासुदा या गृहस्थांकडे जातें. १९८६ सालीं निन्टेंडोच्या यंत्रासाठीं 'प्रो रेसलिंग' हा खेळ त्यांनीं रचला, आणि १९८९ सालीं ह्यूमन या कंपनीमार्फत 'फायर प्रो रेसलिंग' हा या मालिकेंतला पहिला खेळ बाहेर पडला. पुढें ह्यूमन कंपनी बुडाली, वारसा स्पाईक या कंपनीकडे गेला. यंत्रें बदललीं, शतक बदललें, तरी मालिका चालूच राहिली. १९९३ च्या आवृत्तीस 'फायनल बाउट', म्हणजे अखेरची झुंज, असें नांव दिलें होतें. त्यानंतर आवृत्त्या निघतच राहिल्या. पुढें आणखी एकीस 'फायनल' हें नांव मिळालें. तिच्याही मागून नव्या आल्या. आमच्याकडील नामांकित गायकांच्या अखेरच्या जलशासारखाच हा प्रकार दिसतो!

या खेळाची गोम बटणें भराभर दाबण्यांत नाहीं. दोन मल्ल जवळ आले कीं आपोआप एकमेकांस भिडतात, आणि त्या भिडण्यांतला नेमका क्षण जो साधील त्याचा डाव लागतो. घाई केली तर डाव फसतो, आणि उशीर केला तरी फसतो. शिवाय डावांना क्रम आहे. आधीं लहान, प्रतिस्पर्धी थकूं लागल्यावर मध्यम, आणि अखेरीस मोठा. पहिल्याच मिनिटास मोठा डाव टाकूं पाहणाऱ्यावर तो उलटतो. दम लागला तर दूर होऊन श्वास घेण्याचें बटण निराळें आहे. क्वचित् एखादा डाव असा बसतो कीं पडद्यावर 'क्रिटिकल' हा शब्द झळकतो आणि सामना तत्क्षणीं संपतो. ही तरतूद नको असेल तर सामन्यापूर्वीं बंद करतां येते. आमच्या नातवानें पहिल्या रात्रीं दहा वेळां मार खाल्ला. अकराव्या वेळीं तो प्रथमच थांबून प्रतिस्पर्ध्याकडे पाहूं लागला. पस्तीस वर्षें वर्गांत उभें राहून जें मला कित्येकांच्या अंगीं बाणवितां आलें नाहीं, तें त्या यंत्रानें एका रात्रींत शिकविलें, हें प्रांजळपणें कबूल केलें पाहिजे.

परंतु चाहत्यांचा जीव जिच्यावर जडला आहे ती गोष्ट याहूनही निराळी आहे. नव्वदच्या दशकापासून या खेळांत स्वतःचा मल्ल घडवितां येऊं लागला. नुसता चेहरा आणि पोशाख नव्हे, तर त्याचा स्वभावही घडवावयाचा. प्रतिस्पर्धी ताजा असतां हा मल्ल शंभरांपैकीं किती वेळां कोणता डाव टाकील, तो थकल्यावर किती वेळां, तो जमिनीवर पडला असतां काय करील, याचीं कोष्टकें भरावयाचीं, आणि प्रत्येक रकान्याची बेरीज शंभर भरली पाहिजे. प्रेक्षकांना रिझविण्याकडे त्याचा कल किती, विवेक किती, जोडीदाराशीं सहकार्य किती, हेंही आंकड्यांनीं सांगावयाचें. मग असे दोन मल्ल रिंगणांत सोडून खेळणारा हात जोडून स्वस्थ बसतो आणि ते आपआपल्या स्वभावानुसार झुंजतात. कित्येक चाहते बटणाला बोटही न लावतां केवळ असेच सामने पाहतात, त्यांच्या वह्या ठेवतात, स्पर्धा भरवितात. माणसाचा स्वभाव शंभर गुणांत वांटून लिहितां येतो, ही कल्पना मला प्रथम विचित्र वाटली. पण शिष्यानें एका मल्लाच्या कोष्टकांत एका डावाचे आठ गुण काढून दुसऱ्यास दिले, आणि पुढच्या सामन्यांत तो मल्ल पहिल्याहून उतावळा झालेला मला स्पष्ट दिसला.

आतां मूळ वादाकडे वळूं. एका पक्षाच्या मतें १९९६ ची 'एक्स प्रीमियम' हीच सर्वांत नेटकी. त्याच वर्षीं सेगा सॅटर्न यंत्रावर निघालेल्या आवृत्तींत सहा मल्ल एकाच वेळीं रिंगणांत उतरूं लागले, म्हणून दुसरा पक्ष तिची बाजू घेतो. तिसरा २००१ च्या 'डी' ला शिरोमणि मानतो. चौथा पक्ष 'रिटर्न्स'चा. ती २००५ सालीं जपानांत व दोन वर्षांनीं अमेरिकेंत निघाली. तींत आधींच भरलेले मल्ल ३०० हून अधिक आहेत. पांचवा पक्ष २०१७ च्या 'वर्ल्ड'चा. पूर्वीं परवानगीअभावीं मल्लांचीं नांवें बदलून घालावीं लागत. 'वर्ल्ड'मध्यें न्यू जपान संस्थेचे मल्ल खऱ्या नांवानें आले, आणि एकानें घडविलेला मल्ल जगांतल्या कोणासही फुकट उतरवून घेतां येऊं लागला. २०१२ ची एक्सबॉक्सवरील आवृत्ति मात्र जुन्या चाहत्यांपैकीं फारच थोड्यांच्या पसंतीस उतरली. बाहुल्यांसारखे मल्ल पाहून, नांव तेवढें राहिलें आणि जीव गेला, असें त्यांनीं म्हटलें.

या वादांत अमेरिकेंतील चाहत्यांचा वांटाही मोठा आहे. २००१ पूर्वीं त्यांच्या भाषेंत या मालिकेंतला एकही खेळ निघाला नव्हता. ते जपानी प्रती मागवीत, आणि ज्याला थोडें जपानी येई तो प्रत्येक कोष्टकाचें भाषांतर करून इतरांस पुरवी. एक अक्षर न कळतां पाठ्यपुस्तकासारखा तो कागद मांडीवर घेऊन खेळणारा मनुष्य डोळ्यांपुढें आणा, म्हणजे हा वाद रिकामटेकड्यांचा नव्हे, हें ध्यानांत येईल.

कथेचाही एक पक्ष आहे. १९९४ च्या 'स्पेशल' आवृत्तींतील कथाभाग गोइची सुदा यांनीं लिहिला. खेळांच्या धंद्यांत येण्यापूर्वीं त्यांनीं अंत्यसंस्काराच्या व्यवसायांत काम केलें होतें. त्यांचा नायक जिंकत जिंकत सर्वोच्च पद मिळवितो, आणि तोंपर्यंत जवळचें सारें गमावून बसल्यामुळें अखेर स्वतःच्या हातानें जीवनयात्रा संपवितो. विजयाच्या आतषबाजीची वाट पाहणाऱ्या खेळाडूंना हा शेवट कसा लागला असेल! तो अक्षम्य मानणारे आहेत, आणि त्याचमुळें त्या आवृत्तीस श्रेष्ठ ठरविणारेही आहेत.

हें सर्व ऐकून मीं शिष्यास दोन आक्षेप सांगितले. एक असा कीं, मागाहून आलेला पाठ तेवढ्यानेंच शुद्ध ठरत नाहीं, तसा आधींचा म्हणूनही ठरत नाहीं. दुसरा असा कीं, कशासाठीं उत्तम, हें ठरविल्यावांचून उत्तम कोणती, हा प्रश्नच उभा राहत नाहीं. ज्याला मित्रांसह खेळावयाचें त्याचें उत्तर एक, ज्याला स्वभाव घडवावयाचे त्याचें दुसरें. त्याला दोन्ही मान्य होते. मग मीं विचारलें, "तुझें उत्तर कोणतें?" तो म्हणाला, "रिटर्न्स." कारण विचारतां त्यानें डावांची संख्या सांगितली, मल्लांची संख्या सांगितली. परंतु या दोन्ही गोष्टींत पुढें भर घालतां येते, हें त्यानेंच आदल्या रात्रीं आम्हांस सांगितलें होतें. खरें कारण चौथ्या रात्रीं बाहेर आलें.

मित्सुहारु मिसावा हा त्याचा आवडता मल्ल. कोपराच्या तडाख्याबद्दल तो प्रसिद्ध होता. नव्वदच्या दशकांत ऑल जपानचा तो आधारस्तंभ होता आणि २००० सालीं त्यानें 'नोआ' ही स्वतंत्र संस्था काढली. शिष्यानें ओसाकांत त्याला प्रत्यक्ष पाहिलें होतें. 'रिटर्न्स'मध्यें बदललेल्या नांवाचा मिसावा होताच. पण तो खरा वाटेना, म्हणून जुनीं चित्रमुद्रणें पुन्हां पुन्हां पाहून त्यानें कित्येक महिने त्याचीं कोष्टकें सुधारलीं. १३ जून २००९ रोजीं हिरोशिमा येथें सामना चालू असतां प्रतिस्पर्ध्यानें पाठीमागून उचलून टाकलेल्या मिसावाला पुन्हां उठतां आलें नाहीं. त्याच रात्रीं तो वारला. वय ४६. निकाल ठरलेला असतो म्हणून ज्या कुस्तीला लटकी म्हणतात, तिच्यांत हें घडलें.

"त्यानंतर महिनाभर मीं यंत्र उघडलें नाहीं," शिष्य म्हणाला. "मग एकदां उघडलें आणि मिसावाचा सामना लावला. पण आधीं 'क्रिटिकल'ची तरतूद बंद केली. आजतागायत ती बंदच आहे."

नव्या 'वर्ल्ड'मध्यें इतरांनीं घडविलेले मिसावा आहेत, त्यांतला एखादा याच्याहून सरसही असेल, हें तो जाणतो. पण याचा मिसावा जुन्या यंत्राच्या काड्यापेटीएवढ्या मेमरी कार्डावर आहे. नव्या आवृत्तींत तो नेतां येत नाहीं, आणि तें कार्ड एक दिवस निकामी होणार. सामान एवढें जपून बांधण्याचें कारण मला तेव्हां उमगलें. चाहते आवृत्त्यांची तुलना करतात ती गुणांवरून, आणि ती खोटी नसते. पण ज्या आवृत्तींत आपलें माणूस आपल्या हातानें जतन केलें, तिची बाजू घेतांना माणूस गुणांचीं कारणें देतो आणि खरें कारण मनांतच ठेवतो. परीक्षकानें दोन्ही ओळखावीं, आणि दुसऱ्यास हंसूं नये.

पांचव्या दिवशीं पहाटे उठून पाहतों तों धाकटा नातू यंत्रापुढें वही घेऊन बसलेला. मिसावाचीं सर्व कोष्टकें तो पेन्सिलीनें उतरवून घेत होता. "कार्ड बिघडलें तर?" एवढेंच तो म्हणाला. गाडीस अवकाश होता. मीं चष्मा लावला, वही जवळ ओढली आणि एकेक रकान्याची बेरीज तपासून पाहिली. एके ठिकाणीं तीन कमी पडत होते. तेवढी चूक दुरुस्त करून घेतली. बाकीचे सारे रकाने शंभर भरले.