हात न पोचणाऱ्या सिलेंडरची व्हॉल्व्ह स्प्रिंग घरी कशी बदलायची?

अमेरिकेत असताना माझ्या रूममेटकडे २००० सालची शेव्हर्ले कॅमॅरो होती. व्ही८, ५.७ लिटर, एलएस१ इंजिन. बोनेट उघडलं आणि मी मोजायला लागलो, तर आठपैकी सहाच सिलेंडर नीट दिसले. उरलेले दोन, म्हणजे ७ आणि ८ नंबरचे, समोरच्या काचेखालच्या पत्र्याखाली दडलेले. आम्हाला सगळ्या १६ व्हॉल्व्हच्या स्प्रिंग बदलायच्या होत्या. पुढच्यांचं काम सोपं होतं, खरी परीक्षा मागच्यांची.

स्प्रिंग बदलायची कशाला?

व्हॉल्व्ह उघडतो कॅमशाफ्टच्या धक्क्याने आणि बंद करते स्प्रिंग. इंजिन ६,००० आरपीएमवर असताना हे सेकंदाला ५० वेळा घडतं. वर्षानुवर्षं असं दाबून स्प्रिंग थकते. मग जास्त वेगात व्हॉल्व्ह वेळेवर बंद होत नाही. स्प्रिंग तुटलीच, तर तो सिलेंडर नीट काम करत नाही आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटायची भीती असते.

खरी भीती कुठे आहे?

स्प्रिंगवर एक टोपी असते, तिला रिटेनर म्हणतात. रिटेनरला जागेवर धरतात दोन छोटे तुकडे, म्हणजे व्हॉल्व्ह लॉक. हे काढले की व्हॉल्व्हला वरून धरणारं काहीच उरत नाही. पिस्टन खाली असेल तर व्हॉल्व्ह थेट सिलेंडरमध्ये घसरतो, आणि मग हेड उतरवण्यावाचून इलाज नाही. म्हणजे दुपारचं काम आठवडाभराचं. कोडमध्ये आपण डिलीट करायच्या आधी बॅकअप घेतो ना, तसंच इथे: आधी व्हॉल्व्हला खालून आधार, मगच लॉकला हात.

आधार द्यायच्या दोन पद्धती जास्त वापरतात. पहिली, स्पार्क प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा भरणं. पण पिस्टन अगदी वर नसेल, तर हवा त्याला खाली ढकलते आणि इंजिन अचानक फिरतं. मध्येच लाइट गेली आणि हवा उतरली, तर आधारही गेला. दुसरी पद्धत दोरीची. अडचणीच्या जागी मला हीच भरवशाची वाटते, कारण पिस्टन नेमका कुठे आहे हे मिलिमीटरमध्ये कळायची गरज नसते.

स्टेप बाय स्टेप

१. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. कॉइल, व्हॉल्व्ह कव्हर आणि आठही स्पार्क प्लग काढा. प्लग काढले की इंजिन हाताने सहज फिरतं. प्रत्येक गोष्ट काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, लावताना तेच कामी येतात.

२. त्या सिलेंडरचे दोन्ही रॉकर आर्म आणि पुशरॉड काढा. ज्याचा पुशरॉड त्याच जागी परत जायला हवा, म्हणून पुठ्ठ्याला भोकं पाडून नंबर टाका. रॉकर दोरीच्या आधीच काढायचे, नाहीतर उघडा राहिलेला व्हॉल्व्ह दोरीत अडकेल.

३. आता गंमत. या इंजिनचा फायरिंग क्रम १-८-७-२-६-५-४-३ असा आहे. त्यामुळे ७ आणि ४ चे पिस्टन एकत्रच वर-खाली होतात, तसेच ८ आणि ५ चे. मागचा ७ दिसत नाही ना? मग ४ च्या भोकात प्लास्टिकचा लांब स्ट्रॉ धरा आणि क्रँकचा बोल्ट पान्याने हळू फिरवा. स्ट्रॉ वर येतोय म्हणजे ७ चा पिस्टनही वर येतोय.

४. पिस्टन खालून वर यायला लागला की थांबा. ७ मध्ये चार-पाच फूट स्वच्छ, धागे न सुटणारी दोरी सरकवा. बाहेरच्या टोकाला मोठी गाठ हवीच. स्ट्रॉ काढून घ्या आणि क्रँक त्याच दिशेने फिरवा. दोरी दबून इंजिन आपोआप अडेल. जोर लावू नका.

५. तेल खाली जायच्या भोकांवर कापड कोंबा. एक लॉक आत पडला, तर शोधत बसाल! रॉकरच्या बोल्टच्या भोकांत बसणारा छोटा स्प्रिंग कॉम्प्रेसर घ्या, मोठा पत्र्याखाली मावत नाही. स्प्रिंग दाबा, लॉक चुंबकाने उचला. चष्मा घाला, कारण निसटलेली स्प्रिंग डोळा घालवू शकते.

६. व्हॉल्व्ह सीलही आत्ताच बदला. नवी स्प्रिंग दाबा आणि लॉकला थोडं ग्रीस लावून व्हॉल्व्हच्या दांड्याला चिकटवा. दिसत नसेल, तर मोबाइलला जोडायचा एंडोस्कोप कॅमेरा वापरा. दोन्ही लॉक सारखे बसल्याचं बघूनच कॉम्प्रेसर सोडा.

७. क्रँक थोडा उलटा फिरवून दोरी ओढून घ्या. सगळे सिलेंडर झाले की रॉकर मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा. स्टार्टर मारण्याआधी इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. कुठे अडलं तर तिथेच थांबा.

आपल्या गाडीवर चालेल का?

जशास तसं नाही. आपल्याकडच्या बहुतेक कारमध्ये कॅमशाफ्ट हेडवरच असतो. तो काढला की टायमिंगही परत जुळवावं लागतं, म्हणून पहिला प्रयोग तिथे नको. पण मेकॅनिककडे काम दिलंत, तर एक प्रश्न जरूर विचारा: "लॉक काढताना व्हॉल्व्हला आधार कशाचा देणार?" उत्तर लगेच आलं, तर गाडी बिनधास्त सोडा.