आंब्याचा ‘आबा’ होऊ नये म्हणून!

पणजोबांची जुनी वही कधी चाळलीत? ‘नांव’, ‘पांच’, ‘कांही’ असं लिहिलेलं सापडेल. १९६२ साली शुद्धलेखनाचे नवे नियम आले नि हे अनुस्वार गेले. पण सरसकट सगळेच पुसले तर? आंब्याचा ‘आबा’ होईल की!

संगणकाच्या भाषांचंही तसंच. डिसेंबर २००८ मध्ये ‘पायथॉन ३’ आली. पूर्वी ‘प्रिंट’ या आज्ञेपुढे नुसता मजकूर चाले. आता कंस हवाच! हजारो ओळी हातानं कोण बदलणार? त्यासाठी ‘टू टु थ्री’ नावाचा प्रोग्रॅम होता. तो आधी ओळीचं व्याकरण सोडवायचा, मगच बदल करायचा. म्हणून अवतरणातल्या ‘प्रिंट’ शब्दाला धक्का लागत नसे.

तरी एक गोम राहिलीच. जुन्या पायथॉनमध्ये ७ भागिले २ म्हणजे ३, नवीत ३.५! चिन्ह तेच, म्हणून यंत्र गप्प. समजा, शाहूपुरीतल्या गुळाच्या दुकानाचा हिशेब आहे. ७ ढेपा दोघांत वाटताना जुना प्रोग्रॅम प्रत्येकी ३ सांगायचा. नवीत तोच ढेप कापायला लावेल!

२०२४ मध्ये ‘टू टु थ्री’ही पायथॉनमधून निवृत्त झाला. अशी अवजारं येतील, जातील. ती रूप बदलतात. पण उत्तर बरोबर आलं का, हे तुम्हालाच बघायचंय, बरं का!