धुराची वाट

नागपूरच्या पूर्वेकडे कळमना येथे संत्री, मिरची आणि धान्य यांचा मोठा बाजार भरतो. हिवाळ्यात पहाटे तेथे थंडी चांगलीच झोंबते. २९ डिसेंबर २०१८ रोजी तर नागपूरचे किमान तापमान ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते. अशा वेळी उघड्यावर शेकोटी पेटवली, तर तिचा धूर आकाशात विरून जातो. पण तोच विस्तव बंद खोलीत नेला, तर तो माणसाचा वैरी ठरू शकतो.

असे का व्हावे? जळण जळण्यास प्राणवायू लागतो. तो पुरेसा न मिळाल्यास जळण अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू निर्माण होतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा या वायूला २०० पटींहूनही अधिक ओढीने धरून ठेवते. मग शरीराला प्राणवायू मिळेनासा होतो. प्रथम डोके दुखते, मळमळते; झोपलेल्या माणसाला तर धोक्याची जाणीवही होत नाही. फुललेल्या कोळशांच्या शेगडीतून धूर निघताना दिसत नाही, म्हणून ती निर्धोक मानणे ही मोठी चूक होय.

यावर उपाय म्हणजे धुराडे. हवा तापली की प्रसरण पावते व हलकी होऊन वर चढते. धुराड्यातील तापलेली हवा वर निघून जाते आणि तिची जागा घेण्यासाठी खालून ताजी हवा चुलीकडे ओढली जाते. म्हणून धुराला बाहेर जाण्याची एक आणि ताज्या हवेला आत येण्याची दुसरी, अशा दोन वाटा हव्यात. दुसरी वाट बंद असेल, तर धुराडे असूनही धूर घरातच घोटाळतो.

नागपूरजवळच्या वर्धा येथील मगनवाडीत हाच विचार चुलीत उतरला. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे कार्य तेथे चाले. तेथील ‘मगन चुली’त एकाच जाळावर एकाहून अधिक भांडी तापत आणि धूर धुराड्यावाटे घराबाहेर जाई.

धुराडे आखताना काही नियम पाळावे लागतात. नळी शक्य तितकी सरळ उभी असावी. वळणापाशी धुराचा वेग मंदावतो आणि काजळी साचते. नळीचे तोंड छपराच्या आढ्याहून उंच असावे, नाहीतर वारा धूर परत आत लोटतो. तापलेली नळी लाकडी वाशांपासून दूर ठेवावी. साचलेली काजळी पेट घेऊ शकते, म्हणून ती वेळोवेळी काढावी.

तळघरात तर अधिकच दक्षता हवी, कारण तेथे वारा खेळत नाही. भुसा किंवा कापसाच्या पऱ्हाट्या दाबून केलेल्या लहान कांड्यांवर चालणाऱ्या नव्या शेगड्यांत धूर बाहेर लोटण्यासाठी विजेचा पंखा असतो. पण वीज गेली की पंखा थांबतो; शेगडीतील निखारे मात्र धुमसत राहतात. अशा वेळी उंच, उभी नळीच धूर वर ओढून नेते.

शेगडी घरात आणण्यापूर्वी धुराची वाट आखावी. ऊब देणारा अग्नी मित्र खरा. पण त्याचा श्वास कोंडला, तर आपलाही कोंडतो.