मनोरुग्णसेवेतील परिचारिकेचा अधिकार

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या चोपडा तालुक्यात, जिथून ठाणे, पुणे वा नागपूरचे मनोरुग्णालय गाठायचे म्हणजे हातावर पोट असलेल्या कुटुंबाची मजुरी बुडते, आणि जिथे वेले येथील ‘मानवसेवा तीर्थ’ बेघर मनोरुग्णांना आसरा देते, तिथे उपचारांचे सातत्य राखणारी खरी व्यक्ती परिचारिकाच होय, असे माझे मत आहे. दोन ते चार आठवडे परिणाम टिकणारे इंजेक्शन ती देतेच. परंतु गोळ्यांची पट्टी हाती घेऊन शिल्लक मोजणे, रुग्णास हात पुढे करावयास सांगून बोटांचा कंप न्याहाळणे आणि बडव्याकडे (मांत्रिकाकडे) जाऊन आलेल्या आईवर न रागावता ‘माय, गोळी मात्र बंद करू नको’ असे विनविणे, यांची नोंद केसपेपरावर क्वचितच होते. परिचारिका आणि रुग्ण यांच्यातील संबंध हाच शुश्रूषेचा गाभा, हे हिल्डगार्ड पेपलाऊ या अमेरिकन परिचारिकेने १९५२ साली ग्रंथरूपाने मांडले. आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने तर केंद्रीय व राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणांवर किमान १५ वर्षांचा अनुभव असलेल्या परिचारिकेची जागा मुक्रर केली; डॉक्टरांच्या हुकुमाचा ताबेदार समजल्या गेलेल्या पेशाला (ही समजूत अद्याप पुरती मावळलेली नाही!) धोरणाच्या मसलतीत हक्काचे स्थान मिळाले. तालुक्यातील संस्थांनी कार्यकारिणी नेमताना हा दाखला अवश्य पाहावा. निकड भासल्यास ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य असून तिथे मराठीतून बोलता येते.