नांव अंड्याचें, पेला फेसाचा

अमेरिकेंतील न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन विभागांत ‘एग क्रीम’ नांवाचें एक पेय प्रसिद्ध आहे. नांवांत अंडें आहे आणि मलईही आहे. परंतु पेल्यांत ह्या दोहोंपैकीं कांहींच नसतें! थंड दूध, सोड्याचें पाणी व चॉकलेटचा पाक ह्या तीनच जिनसांचें तें बनतें. मग वर मलईसारखें दिसतें तें काय?

आपण गोटीच्या सोड्याची बाटली फोडतों, तेव्हां फसफसून बाहेर येणारा कर्बाम्ल वायु येथेंही आपलें काम करतो. १७६७ सालीं जोसेफ प्रीस्टली ह्या इंग्रज धर्मोपदेशकानें लीड्स येथील मद्याच्या कारखान्यांत, आंबणाऱ्या रसावर सांचलेला हा वायु पाण्यांत मिसळून पाहिला होता. एग क्रीम करतांना पेल्यांत बोटभर दूध घालून त्यावर सोड्याची धार जोरानें सोडतात. असंख्य बुडबुडे उठतात. दुधांतील प्रथिनें त्यांच्याभोंवतीं पातळ वेष्टन करून त्यांस लवकर फुटूं देत नाहींत. हीच ती मलई! शेवटीं पाक कडेनें सोडून चमचा तळाशींच फिरवितात, म्हणजे वरचा फेस शुभ्र राहतो.

१९ व्या शतकाच्या अखेरीस व २० व्या शतकाच्या आरंभीं पूर्व युरोपांतून पुष्कळ ज्यू लोक न्यूयॉर्कमध्यें येऊन राहिले. त्यांच्या वस्तींतील खाऊच्या दुकानांत साधा सोडा २ सेंटांस मिळे. आणखी थोडे सेंट टाकले कीं गरिबाच्या मुलासही एग क्रीमची चैन परवडे. लुई ऑस्टर नामक दुकानदारास ह्या पेयाच्या शोधाचा मान पुष्कळ जण देतात. ब्रुकलिनमध्येंच निघालेला ‘फॉक्सेस यू-बेट’ हा पाक त्याचा जणूं प्राण ठरला. वल्हांडण सणांत अनेक ज्यू कुटुंबें मका वर्ज्य मानतात. म्हणून त्या दिवसांकरितां मक्याच्या पाकाऐवजीं साखर घातलेला यू-बेट निराळा काढतात.

परंतु हा फेस कांहीं मिनिटांतच बसतो. सबब करणारा व पिणारा समोरासमोर हवेत. पुढें बाटलींतील पेयांचा व शीतपेट्यांचा प्रसार झाला, आणि तीं दुकानें बहुतेक बंद पडलीं. पाक आजही विकत मिळतो. पण धार किती जोराची असावी, चमचा कोठें थांबवावा, हें दुसऱ्याचा हात पाहूनच शिकावें लागतें. आमच्या वाचकांच्या घरींही आजीच्या हातचा असा एखादा पदार्थ असेल. तो हात आहे तोंवर त्याजपाशीं उभें राहून शिकून घ्यावें, एवढेंच आम्हांस सुचवावयाचें आहे.