पावलामागचे रसायन

जयपूर म्हटले की हवामहालाच्या पाठोपाठ ‘जयपूर फूट’ आठवतो. १९६८ साली तेथील डॉ. प्रमोद करण सेठी व कुशल कारागीर रामचंद्र शर्मा यांनी घडविलेल्या या रबरी पावलाने सहस्रावधी अपंगांना पुन्हा चालते केले. परंतु दोन्ही पाय शाबूत असूनही ज्यांना पाऊल उचलणे जड जाते, त्यांचे काय? कंपवातात नेमके हेच घडते.

चालताना मेंदू प्रत्येक स्नायूला वेगळी आज्ञा देत बसत नाही. पाऊल उचलणे, टेकणे, पुन्हा उचलणे हा ताल मुख्यतः मज्जारज्जूतील चेतापेशींचे जाळेच धरते. मेंदू ‘चल’ म्हणतो आणि वेग ठरवितो. त्याच्या हाताशी असलेल्या रसायनांपैकी एक म्हणजे डोपामिन. कंपवातात ते मेंदूत उणे पडते, हे पुष्कळांना ठाऊक असते. मेंदूच्या तळाकडील हायपोथॅलॅमसमधून निघालेले चेतातंतू तेच डोपामिन थेट मज्जारज्जूत पोचवितात, हे मात्र सहसा सांगितले जात नाही.

तेथे त्याचा परिणाम एकसारखा नसतो. पेशीवरील एका प्रकारच्या ग्राहकाशी गाठ पडली तर पेशी उत्तेजित होते, दुसऱ्याशी पडली तर शांत होते. उंदरांच्या पिलांवरील प्रयोगांत अल्प मात्रेने मज्जारज्जूतील हालचालींची लय मंदावली, मोठ्या मात्रेने उलट उत्तेजन मिळाले.

रात्री पाठ टेकताच पायांत हुळहुळ सुरू होते, ते सारखे हलवावेसे वाटतात आणि उठून चार पावले टाकली की बरे वाटते. घरातील स्त्रीने ही तक्रार केली की ‘दमलीस, दुसरे काय!’ म्हणून तिची बोळवण होते. हा खरा विकार आहे. स्वीडिश वैद्य एकबॉम यांनी १९४५ साली त्याचे सविस्तर वर्णन केले. डोपामिनसारखे काम करणाऱ्या औषधांनी तो थांबतो, पण दीर्घकाळ घेतल्यास पुष्कळदा अधिकच बळावतो. म्हणून आता आधी रक्तातील लोहाची तपासणी करतात.

आपल्या रानातील खाजकुहिलीचाही येथे संबंध येतो. तिच्या बियांत लेव्होडोपा असते. शरीरात त्याचेच डोपामिन बनते. दामोदरन् व रामस्वामी यांनी मद्रास येथे १९३७ साली ते या बियांतून वेगळे केले. जयपूरचा पंसारी याच बियांना ‘कौंच’ म्हणतो आणि त्यांचे चूर्ण पौष्टिक म्हणून खपते. कंपवाताच्या गोळ्या चालू असताना ते घेतल्यास दोन्हींची मात्रा एकत्र होते. मळमळ, भोवळ, अंगाच्या अनावर हालचाली उद्भवू शकतात. अशा घरात ती पुडी डॉक्टरांना अवश्य दाखवावी, आणि त्यांना न विचारता गोळ्याही एकाएकी बंद करू नयेत.